नवा कण नको, हातातला कण रुग्णापर्यंत न्या

सोन्याचा एक नॅनोरॉड, म्हणजे अतिसूक्ष्म दांडा, साधारण ४० नॅनोमीटर लांब आणि १० नॅनोमीटर जाड असतो. लांबी-जाडीचं हे चारास एक प्रमाण साधलं की तो ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषून घेतो आणि त्याची उष्णता करतो. कॅन्सरच्या गाठीत असे कण पुरेसे साठले आणि ८०८ नॅनोमीटरचा लेझर त्यावर धरला, तर गाठ तापते आणि शेजारचा भाग त्या मानाने गार राहतो. ही झाली फोटोथर्मल पद्धत. फोटोडायनॅमिक पद्धतीत कणात प्रकाशसंवेदी औषध असतं. प्रकाश पडताच ते जवळच्या ऑक्सिजनला अतिशय क्रियाशील रूप देतं आणि पेशी त्याने मरते. हा ऑक्सिजन पेशीत जेमतेम काही दहा नॅनोमीटर सरकतो, म्हणून मारा नेमका होतो. तिसऱ्या पद्धतीत कण प्रकाशाने किंवा उष्णतेने उघडतो आणि आतलं केमोचं औषध गाठीतच सोडतो.

तिन्ही कल्पना प्रयोगशाळेत चालतात, उंदरातही चालतात. राइस विद्यापीठातल्या नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने सोन्याचं कवच असलेल्या कणांनी गाठ तापवून मारण्याचं काम २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हापासून या विषयावर हजारो शोधनिबंध आले. त्यातून माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोहोचलेले कण मात्र मोजकेच. त्याच नॅनोकवचांची पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कॅन्सरवरची पहिली चाचणी २०१९ मध्ये छापून आली, म्हणजे सोळा वर्षांनी. त्यात १६ रुग्ण होते. आदल्या दिवशी कण शिरेतून दिले, दुसऱ्या दिवशी एमआरआय आणि सोनोग्राफीच्या चित्रांचा मेळ घालून लेझरचे फायबर थेट ग्रंथीत घातले. १५ जणांचे उपचार पूर्ण झाले.

हा हिशेब नवी मुंबई आणि ठाण्यात बसून मांडण्याचं कारण आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक आहे. तिथे कॅन्सरचं मूलभूत संशोधन, प्राण्यांवरच्या चाचण्या आणि रुग्णालय एकाच आवारात चालतं. खाडीपलीकडे पवईला आयआयटी आहे, जिथे सोन्याचा मुलामा दिलेल्या लायपोसोमवर, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म फुग्यांवर, अनेक वर्षं काम झालं आहे. मधे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औषध आणि रसायनांचे कारखाने आहेत. निर्जंतुक इंजेक्शन कसं बनतं, बॅचचा कागद कसा राखायचा, हे जाणणारी माणसं रबाळे-महापे-तुर्भ्यात कमी नाहीत. एक कण प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत न्यायला जे जे लागतं ते ट्रान्स हार्बर मार्गाच्या आसपास सापडतं. तरीही सार्वजनिक निधी मागणारे प्रस्ताव बहुतेक वेळा नव्या कणाचे असतात: नवा आकार, नवं आवरण, नवा धातू. माझं म्हणणं सरळ आहे. कॅन्सरच्या नावाने येणारा पैसा काही वर्षं नव्या कणांसाठी देऊ नये. आधीच माहीत असलेला एखादा कण घ्यावा, प्रकाश जिथे खरोखर पोहोचतो असा एक आजार निवडावा आणि ते काम शेवटापर्यंत न्यावं. तो आजार आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर आहे.

कण गाठीपर्यंत पोहोचतात किती, हे आधी पाहू. ‘टार्गेटेड’ हा शब्द जाहिरातीत आणि बातम्यांत फार सैल वापरला जातो. शिरेतून दिलेले कण गाठीतल्या गळक्या रक्तवाहिन्यांमधून बाहेर पडून तिथेच साठतात, या १९८६ साली जपानमध्ये मांडलेल्या निरीक्षणावर सगळी इमारत उभी आहे. २०१६ मध्ये टोरांटोच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले. गाठीत पोहोचलेला मध्यक वाटा निघाला दिलेल्या मात्रेच्या ०.७ टक्के. म्हणजे १०० मिलिग्रॅम दिले तर ०.७ मिलिग्रॅम. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा गोळा करतात. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून निघून जातात, पण ८०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारे रॉड त्याहून मोठे असतात. ते यकृतात महिनोन्‌महिने राहू शकतात. कणाला अँटिबॉडी चिकटवली की तो कॅन्सरची पेशी शोधत जातो, असं चित्रांत दाखवतात. प्रत्यक्षात रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर बसतो आणि ती अँटिबॉडी बऱ्याचदा त्याखाली झाकली जाते.

दुसरी अडचण प्रकाशाची. तळहातामागे मोबाइलचा टॉर्च धरला तर तळहात लाल दिसतो, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तात आणि त्वचेत अडतो, तर लाल त्यामानाने पार जातो. ६५० ते ९५० नॅनोमीटर हा पट्टा त्यातल्या त्यात सोयीचा. तिथेही प्रकाश काही मिलिमीटरमध्ये झपाट्याने घटतो. ऊतीत दर ४ मिलिमीटरला प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो असं धरलं, तर १२ मिलिमीटर खोलीवर पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा विसावा हिस्सा उरतो. स्वादुपिंड, यकृत, फुफ्फुसाचा मध्यभाग या ठिकाणी बाहेरून लेझर टाकून काही साधत नाही. आत फायबर घालावं लागतं, आणि फायबर घालायचंच तर तिथे गाठ जाळणारी रेडिओफ्रीक्वेन्सीची सुई आधीच चांगली स्थिरावलेली आहे.

वरून प्रकाश वाढवावा, तर त्यालाही मर्यादा आहे. ८०८ नॅनोमीटरच्या लेझरसाठी त्वचेवर दीर्घकाळ सुरक्षित मानलेली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३३ वॉट आहे. उंदरांवरच्या शोधनिबंधांत सर्रास १ ते २ वॉट वापरलेले दिसतात. वर उंदराची गाठ त्वचेखाली, काही मिलिमीटरच्या आत. २५ ग्रॅम वजनाच्या उंदराला अर्ध्या ग्रॅमची गाठ असेल, तर ती शरीराच्या दोन टक्के झाली. ६० किलोच्या माणसात त्याच प्रमाणाची गाठ १.२ किलोची होईल. अशा उंदरात गाठ नाहीशी झाल्याचा फोटो पाहून कळव्यातल्या किंवा कोपरखैरण्यातल्या रुग्णाला आशा लावणं योग्य नाही.

तापमान मोजण्यातही मोठी फसगत होते. बहुतेक प्रयोगांत थर्मल कॅमेरा असतो आणि तो फक्त पृष्ठभाग पाहतो. वर ५५ अंश दिसत असताना गाठीच्या तळाशी ४१ असू शकतं. ६० अंशांच्या वर ऊती जवळजवळ लगेच गोठतात, पण ४१ ते ४५ अंशांत पेशी मरण्याऐवजी स्वतःला वाचवणारी उष्णताप्रथिनं तयार करतात आणि पुढच्या उष्णतेला जास्त दाद देईनाशा होतात. मोठी रक्तवाहिनी शेजारून गेली असेल तर तिथली उष्णता रक्त वाहून नेतं आणि नेमकी त्या बाजूची कड जिवंत राहते. आत धातूचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालावा, तर लेझरच्या झोतात तो स्वतःच तापतो आणि खोटा आकडा देतो. म्हणून फायबर ऑप्टिक तापमापी किंवा एमआरआयवरून तापमान काढण्याची सोय लागते, आणि गाठीच्या मध्यापेक्षा कडेला मोजणं जास्त महत्त्वाचं असतं.

उष्णतेने उघडणाऱ्या कणांचं काय झालं तेही पाहायला हवं. डॉक्सोरुबिसिन भरलेला, चाळिशीच्या तापमानाला फुटणारा थर्मोडॉक्स हा लायपोसोम यकृताच्या कॅन्सरवर रेडिओफ्रीक्वेन्सीबरोबर तपासला गेला. ७०१ रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१३ मध्ये अपयशी ठरली. उष्णता पुरेसा वेळ दिली गेली नाही, असं कारण पुढे आलं. मग किमान ४५ मिनिटं उष्णता देण्याची अट घालून दुसरी मोठी चाचणी केली. यश दिसत नाही म्हणून तीही थांबवण्याचा विचार करावा, अशी शिफारस २०२० मध्ये झाली. कण ठरल्याप्रमाणे फुटत होता, फक्त रुग्ण त्यामुळे जास्त जगत नव्हते. अनुदान देणाऱ्या प्रत्येक समितीने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

आता कण बनवण्याकडे येऊ. इथेच आपल्या पट्ट्याचा खरा उपयोग आहे. नॅनोरॉडची कृती कागदावर सोपी वाटते. सोन्याच्या क्षारात बर्फासारखं गार, ताजं सोडियम बोरोहायड्राइड टाकून तीन-चार नॅनोमीटरची बीजं करायची. दुसऱ्या भांड्यात सीटॅब या सरफॅक्टंटचं (साबणासारख्या पदार्थाचं) ०.१ मोलर द्रावण, सोन्याचा क्षार, थोडं सिल्व्हर नायट्रेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घ्यायचं. त्यात बीजं टाकून २७ ते ३० अंशांवर न हलवता काही तास ठेवायचं. बिघडायला काहीही पुरतं. एसीच्या खोलीत द्रावण २५ अंशांखाली गेलं की सीटॅबचे स्फटिक बाहेर पडतात. सीटॅबच्या बाटलीत आयोडाइडचा अंश, अगदी दशलक्षात काही भाग असला, तरी रॉडऐवजी गोळे मिळतात. एकाच कंपनीच्या दोन बाटल्यांत हा फरक पडू शकतो. बोरोहायड्राइड शिळं झालं की बीजं मोठी होतात. चांदीचं प्रमाण हललं की रॉडची लांबी आणि तिच्याबरोबर शोषणाची तरंगलांबी सरकते. ती ८०८ वरून ७४० वर गेली, की लेझर तोच राहतो पण उष्णता निम्म्याहून कमी होऊ शकते.

त्यानंतर सीटॅब काढायचं, कारण ते पेशींना विषारी आहे. सेंट्रीफ्यूज कमी केलं तर ते उरतं, जास्त केलं तर उघडे पडलेले कण एकमेकांना कायमचे चिकटतात. त्याच्या जागी पेग हा निरुपद्रवी पॉलिमर लावून मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं. चिकटलेले कण असतील तर फिल्टर तुंबतो आणि मात्रा नकळत घटते. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या, उष्णतेत रॉडचं आवरण आणि आकार टिकण्याची खात्री नसते. राहता राहिला एंडोटॉक्सिन, म्हणजे जीवाणूंच्या कवचाचे अवशेष. याची नेहमीची चाचणी रंगाच्या बदलावर चालते आणि सोन्याचे कण स्वतःच रंगीत असल्यामुळे निकाल चुकतो. किती तरी ‘कणामुळे झालेला दाह’ खरं तर एंडोटॉक्सिनचा असू शकतो. विद्यापीठातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला ५० मिलिलिटरचं द्रावण एकदा छान जमतं, शोधनिबंध होतो आणि पुढची बॅच कुणी करत नाही. दहा लिटरच्या लागोपाठ तीन बॅच, तिन्हींत शोषणाचं शिखर पाच-दहा नॅनोमीटरच्या आत, तिन्हींत उरलेलं सीटॅब ठरवलेल्या मर्यादेखाली: हे काम शोधनिबंधाला चमक देत नाही, पण ते झाल्याशिवाय कुठल्याही रुग्णाला सुई टोचता येत नाही. सार्वजनिक पैसा इथे हवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजेक्शन बनवणाऱ्या कारखान्यात एक स्वच्छ कक्ष आणि दोन अनुभवी गुणवत्ता तपासनीस एवढ्यासाठी राखून ठेवता आले, तर विद्यापीठातले अनेक चांगले कण कपाटातून बाहेर येतील.

तोंडाचाच कॅन्सर का? ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होतात. त्यात ओठ आणि तोंडाचे १ लाख ४३ हजारांच्या आसपास, पुरुषांमध्ये हाच सर्वांत जास्त. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू, मिश्री, सुपारी सुटलेली नाही. आपल्याकडे गाठ बहुतेक वेळा गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या लगत, तंबाखूची चिमूट ठेवण्याच्या जागी येते. ती डोळ्यांना दिसते. प्रकाश तिथे हाताने नेता येतो. आणि कण शिरेतून देण्याची गरजच उरत नाही: बारीक सुईने ते थेट चट्ट्यात टोचता येतात, म्हणजे ०.७ टक्क्यांचा प्रश्न बाजूला राहतो. नेमकेपणा येतो सुईतून आणि प्रकाशातून. अँटिबॉडीची महागडी सजावट त्यासाठी लागत नाही. टोचण्यातही खाचखळगे आहेत. एकाच ठिकाणी जोर लावला तर द्रव सुईच्या वाटेने परत बाहेर येतो आणि आत एकच डबकं होतं. थोडं-थोडं, अनेक ठिकाणी, हळू टोचावं लागतं.

इथल्या रुग्णांची एक अडचण परदेशी शोधनिबंधांत क्वचितच येते. सुपारी खाणाऱ्यांना सबम्युकस फायब्रोसिस होतो आणि तोंड दोन बोटंही उघडत नाही. प्रकाश चट्ट्यावर काटकोनात पडावा म्हणून बनवलेलं लांबडं हँडपीस अशा तोंडात जात नाही. तिरका प्रकाश पडला की एका कडेला मात्रा जास्त आणि दुसऱ्या कडेला कमी. लहान, वळणारं, टोकाला लेन्स असलेलं फायबर इथे बनवून घ्यावं लागेल. बाकीच्या तोंडावर ओली गॉझ किंवा काळं मेण लावून प्रकाश अडवावा लागतो. चकचकीत स्टीलच्या रिट्रॅक्टरवरून झोत उलटतो, म्हणून तो काळा-मॅट हवा. फायबरच्या टोकाला रक्त लागून जळलं तर पुढे प्रकाश कमी जातो आणि टोक तापतं, म्हणून प्रत्येक सत्राआधी आणि नंतर बाहेर पडणारी शक्ती मोजायलाच हवी. अवरक्त झोत डोळ्यांना दिसत नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा रुग्णासकट खोलीतल्या प्रत्येकाला लागतो.

फोटोडायनॅमिक औषधांतही निवड करताना रुग्ण कुठे राहतो ते पाहिलं पाहिजे. फोटोफ्रिन हे जुनं औषध घेतल्यावर किमान महिनाभर उन्हापासून जपावं लागतं. जपानने सप्टेंबर २०२० मध्ये सशर्त मान्यता दिलेलं ॲक्यालक्स हे डोक्या-मानेच्या पुन्हा उद्भवलेल्या कॅन्सरवरचं औषध, ज्यात सेटुक्सिमॅब या अँटिबॉडीला ६९० नॅनोमीटरला जागं होणारा रंग जोडलेला आहे, त्यालाही काही आठवडे तेजस्वी प्रकाश टाळण्याची अट आहे. कोपरीत पत्र्याच्या घरात राहणारा, रिक्षा चालवून रोजचं पोट भरणारा माणूस महिनाभर अंधारात बसू शकत नाही. चट्ट्यात टोचलेल्या सोन्याच्या रॉडने अंगभर प्रकाशसंवेदनशीलता येत नाही, आणि माझ्या मते आपल्या परिस्थितीत फोटोथर्मल पद्धतीच्या बाजूने हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

यावर गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही: एवढा पैसा तंबाखू सोडवण्यात आणि तपासणीत का घालू नये? तिरुअनंतपुरमच्या मोठ्या चाचणीचे निकाल २००५ मध्ये आले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी फक्त टॉर्चने तोंड पाहिलं तरी तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. पहिला रुपया तिथेच गेला पाहिजे, यात मला शंका नाही. पण तपासणी केली की पुढे कॅन्सर होऊ शकणारे पांढरे-लाल चट्टे सापडतात, एकाच तोंडात दोन-तीन ठिकाणी, आणि प्रत्येक कापून काढला तर गाल आक्रसतो. रेडिएशन आधीच घेतलेल्या आणि त्याच जागी पुन्हा उगवलेल्या लहान गाठीचंही तसंच. प्रकाशाच्या उपचाराची जागा या दोन गटांत आहे. जबड्याच्या हाडात शिरलेली किंवा मानेच्या गाठींत पसरलेली कॅन्सरची अवस्था शस्त्रक्रियेचीच आहे, आणि तिला लेझरचं आमिष दाखवून आठवडे घालवणं म्हणजे त्या रुग्णाचा जीव धोक्यात घालणं.

म्हणून तुलनेचा गट ठरवताना प्रामाणिक राहावं लागेल. अलीगढमध्ये कमी खर्चाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या एलईडीने आणि पोटातून दिलेल्या अमायनोलेव्हुलिनिक आम्लाने तोंडातल्या लहान गाठींवर उपचार झाले आहेत, तेही कुठल्याही नॅनोकणाशिवाय. नॅनोकणाला त्या स्वस्त उपचाराशी आणि साध्या शस्त्रक्रियेशी सामना करून दाखवावा लागेल. उपचार न केलेल्या गटाशी तुलना करून मिळालेलं यश कामाचं नाही. स्वस्त आणि स्पष्ट प्रश्न विचारण्याची परंपरा टाटा केंद्रात आहे: निव्होलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपीच्या औषधाची नेहमीची मात्रा परवडत नाही म्हणून दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊन डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये फायदा होतो हे त्यांनी दाखवलं. आयआयटी आणि टाटा यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याच माणसांच्या शेजारी हे काम व्हायला काय हरकत आहे?

नियमांची बाजू थोडक्यात. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामुळे ‘नियमच नाहीत’ ही सबब आता चालत नाही. गुंता वेगळा आहे. कण औषध म्हणून तपासला जातो आणि लेझर वैद्यकीय उपकरण म्हणून, पण मात्रा ठरते ती दोघांच्या जोडीतून. दोन्ही एकत्र तपासणारी एकच समिती पहिल्या दिवसापासून बसवावी. आणि एक गोष्ट वाचकांसाठी: सुवर्णभस्मात सूक्ष्म सोनं असतं म्हणून ते ‘नॅनो कॅन्सर औषध’ आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या कणांचा आकार ठरलेला नसतो आणि वरून प्रकाशही दिलेला नसतो. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

मूलभूत संशोधनाला अट घालू नये असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कणाचं भौतिकशास्त्र अभ्यासायचं असेल तर त्या नावाने पैसा मागावा, मिळावाही. पण प्रस्तावात ‘कॅन्सर उपचार’ लिहिलं असेल, तर चार गोष्टी आधीच मागाव्यात: लागोपाठ तीन बॅचचे आकडे, सुरक्षित तीव्रतेच्या आतला लेझर, उंदराहून मोठ्या प्राण्यात गाठीच्या कडेचं तापमान, आणि यकृतात वर्षभर राहणाऱ्या सोन्याचा मागोवा. चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवताना थांबण्याची अटही त्याच दिवशी लिहावी. उदाहरणार्थ, पहिल्या वीस रुग्णांत सहा महिन्यांनी चट्टा परत येण्याचं प्रमाण साध्या शस्त्रक्रियेपेक्षा ठरावीक टक्क्यांनी जास्त निघालं, तर चाचणी बंद. मग तो निकालही छापावा, कुठल्या बॅचमध्ये आणि कुठल्या कडेला उष्णता कमी पडली त्या आकड्यांसकट, म्हणजे पुढचा गट तिथून सुरुवात करेल.